तेच पत्ते, दुसऱ्या खोलीत

चंद्रकलाबाई खवसे यांच्या हाताला गुण आहे, याबद्दल सौंसर तालुक्यात कोणाचंच दुमत नव्हतं. एक चंद्रकलाबाई सोडल्या तर.

त्यांचं काम संत्र्याचे डोळे भरण्याचं. ज्यांना संत्रं फक्त सोलून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगायचं, तर संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंभेरी या जातीच्या लिंबाचं रोप वाढवतात. जमिनीपासून वीतभर वर त्याच्या सालीला काप देतात. चांगल्या संत्र्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट उचलून त्या कापात बसवतात, वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात आणि तीन आठवडे गप्प राहतात. पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा दिसला तर गेला. मोहगाव ते रामाकोना या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत हे काम करणारी शंभरेक माणसं असतील. त्यांचे शंभरातले साठ-पासष्ट डोळे लागतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. चंद्रकलाबाईंचे नव्वद लागतात. पस्तीस वर्षांत ते दोनदाच खाली गेले. एकदा गारपीट झाली होती, एकदा बाईंना चिकनगुनिया.

एवढ्यावरून बाईंना काम येतं असा निष्कर्ष काढता आला असता. आपल्याकडे तशी पद्धत नाही. पुरुषाचं काम चांगलं झालं की तो कारागीर असतो, बाईचं झालं की तिच्या हाताला गुण असतो. आणि गुण एकदा हातात आहे म्हटल्यावर तो संत्र्यापुरता कशाला ठेवायचा? बाजारात नवं दुकान उघडलं की पहिली बोहनी चंद्रकलाबाईंची. नवा ट्रॅक्टर आला की किल्ली आधी त्यांच्या हातात. नगर पंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराने अर्ज त्यांच्या हस्ते भरला आणि तो सणसणीत पडला. पण नंतर त्याने अर्जावर स्वतःही हात फिरवला होता, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं.

बाई नाही म्हणत नसत. नाही म्हणायला भांडण लागतं आणि भांडायला सकाळचा वेळ लागतो. सकाळी त्या कामावर असत.

कामावर त्या काय करत, हे पाहायची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती. चाकू त्या दर वीस डोळ्यांनंतर स्पिरिटने पुसत. काड्या ओल्या पोत्यात ठेवत, आणि उन्हं डोक्यावर आली की काम बंद. मुख्य म्हणजे आलेल्या दहा काड्यांमधल्या सहा त्या न कापताच फेकत. मालकांना ते बघवत नसे. "एवढ्या चांगल्या काड्या काऊन फेकून राहिल्या बाई?" असं कोणी म्हटलं की त्या म्हणत, "चांगली काडी मी फेकत नाही."

आता पत्त्यांचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एकमेकांना दगड मारतात, रस्ते बंद असतात, त्यामुळे सौंसरची माणसं घरी सापडतात. आणि घरी सापडलेली माणसं पत्ते खेळतात. श्रीधर सरांच्या घरची बैठक जुनी. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, गावाबाहेर चार एकर रोपवाटिका आणि रोपवाटिकावाल्यांच्या संघाचं अध्यक्षपद. पोळ्याच्या दिवसांत पोलिसांना जुगार पकडायचा उत्साह असतो, म्हणून सरांकडे पैसे लावायला बंदी, चिंचोके लावायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अमित पुण्याहून पोकर घेऊन आला. तिथे कंपनीतली मुलं खेळतात म्हणे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, झाकून. चटईवर पाच पत्ते, सगळ्यांचे मिळून. आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा एक. हातातले दोन आणि चटईवरचे पाच यांतून ज्याचे पाच सरस, तो जिंकला. मधल्या प्रत्येक टप्प्यावर चिंचोके लावायचे, समोरच्याने तेवढे लावून पाहायचं, वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. तीन पत्ती आयुष्यभर खेळलेल्या मंडळींना हे पाच मिनिटांत कळलं. कसं खेळायचं, ते कळायला बाकीचं आयुष्य होतं.

त्या दिवशी एक गडी कमी होता. संत्र्याचे व्यापारी हेमराज यांची गाडी तिगावला अडकली होती. चंद्रकलाबाई छायाताईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, कढीपत्त्याचं रोप द्यायला आल्या होत्या. छायाताईंनी त्यांना बसवलं. संध्याकाळी घरातले झाडून सगळे चिंचोके बाईंच्या पदरात होते. पुढच्या वर्षी हेमराज वेळेवर आले, तरी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

"हातच तसा आहे वहिनीचा," गुणवंता म्हणाला. गुणवंता बागायतदार, बाईंच्या नवऱ्याचा मित्र आणि सौंसरमधला सर्वात आनंदाने हरणारा माणूस. "आमी जन्मभर पत्ते पिसले, आन् एक्के हिच्याकडे चालत जाते."

एक्के चालत जात नव्हते. बाई दहातल्या सहा डावांत पत्ते पाहून तसेच खाली ठेवत होत्या. हे कोणी मोजलं नव्हतं, कारण टाकलेले डाव कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी संघाची बैठक झाली. दिवाळीनंतर तीस बायांना डोळे भरायचं शिकवायचं ठरलं होतं. जागा मोहगावची, मुदत दीड महिना. शिकवणाऱ्याचं नाव आठ दिवसांत कागदावर वर, कृषी खात्याकडे, पाठवायचं होतं. गुणवंताने चंद्रकलाबाईंचं नाव घेतलं. पस्तीस वर्षांत प्रथमच कोणीतरी ते कामासाठी घेतलं होतं, किल्लीसाठी नाही. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

श्रीधर सर उठले. सर वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना विचारपूर्वक बोलायची सवय होती.

"चंद्रकलाबाईंबद्दल आपल्या सगळ्यांना आदर आहे," ते म्हणाले. "पण हातगुण ही शिकवायची गोष्ट नाही. ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ आहे. शिकवायला पद्धत लागते. नागपूरहून कृषी पदवीधर बोलावू. बाईंच्या हस्ते पहिला डोळा भरू, शाल-नारळ देऊ."

टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या, बैठकीत बसलं की वाजवाव्या लागतात म्हणून.

घरी नवऱ्याला, रामाजींना, त्यांनी हे सांगितलं. रामाजी रोपांचा टेम्पो चालवतात आणि जे मिळतं त्यात समाधानी असतात.

"अव, शाल देऊन राहिले त घे न. थंडीच येऊन राहिली."

"शाली तीन आहेत घरात."

"मंग चौथी."

"मी मेल्यावर हे काम माह्यासंगच जाईन, असं म्हणून राहिले ते," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी शिकलीच नाही कधी. कोनाच्या तरी पोटातून घेऊन आली."

रामाजींनी टेम्पोच्या चाकात हवा आहे का ते पाहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई सकाळी दहालाच सरांच्या घरी गेल्या. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते, अमित पायरीवर मोबाइल पाहत होता.

"सर, पत्त्यात मी जिंकतो ते कशानं?"

सरांनी पेपराची घडी केली. "खरं सांगू? नशीब. वाईट वाटून घेऊ नका. तीन वर्षांत तीन बैठका, मतलब तीनच नमुने. नाणं तीन वेळा उडवलं आन् तीनदा छापा पडला, तर आपण नाण्याला हुशार म्हणत नाही."

"आन् डोळे?"

"तो हातगुण."

"म्हणजे दोन्हीकडे मी नाहीच."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"रोपवाटिकेत नवा माणूस घेतेवेळी आपण काय करतो सर? एकच काडी मधात तोडतो. अर्धी जुन्या माणसाले, अर्धी नव्याले. जंभेरी एकाच वाफ्यातली. तीन हप्त्यांनी मोजतो. मंग कोनी म्हणत नाही का त्याची काडी चांगली होती."

"बरोबर."

"पत्त्यांचं बी तसंच करू. जे पत्ते मले, तेच तुमाले. तुमी दुसऱ्या खोलीत. मंग पाहू नशीब कोन्या खोलीत जाते."

अमितने मोबाइल खाली ठेवला. "बाबा, हे होऊ शकते," तो म्हणाला. "एकदम बरोबर आहे काकूंचं."

"मी हरली त शाल घेईन, नारळ बी," बाई म्हणाल्या. "जिंकली त कागदावर माहं नाव."

पत्त्यांत हुशारी सिद्ध झाली म्हणून डोळे भरण्यातही ती असेलच, हे कुठल्याही गणितात बसत नाही. सरांना ते कळलं असणार. पण दोन्हींतून बाईंना त्यांनीच आत्ता वगळलं होतं, त्यामुळे दोन्हींचा निकाल एकत्र लावायला त्यांना हरकत घेता येईना. शिवाय पोकरचं एक पुस्तक त्यांनी अमितकडून मागवून घेतलं होतं. कोणत्या दोन पत्त्यांवर जिंकण्याची शक्यता किती, याचा तक्ता त्यांना पाठ होता. आपण तीन वर्षं नुसत्या नशिबाने हरतो आहोत, याचा त्यांना थोडा त्रासही होत असावा.

अमित बाजारातून पत्त्यांचे आठ कॅट घेऊन आला. "आठ?" दुकानदार म्हणाला होता, "जपून बे, पोळा आहे." जेवणानंतर त्याने आतून कडी लावली. बहिणीच्या लग्नातली उरलेली पाकिटं काढली आणि वीस डाव बांधले. प्रत्येक डावाची दोन पाकिटं, दोन्हींत तेच नऊ पत्ते त्याच क्रमाने. पहिले दोन खिडकीजवळच्या खुर्चीला, पुढचे दोन समोरच्याला, उरलेले पाच चटईला. एका खोलीत खिडकीजवळ चंद्रकलाबाई, दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ श्रीधर सर. दर डावाला प्रत्येकाकडे नव्याने शंभर चिंचोके, म्हणजे मागचं मागे राहील. पाकिटं फोडायला बाईंकडे छायाताई आणि सरांकडे शेजारची सुचिता. अमितला सगळे पत्ते माहीत, म्हणून त्याला दोन्ही खोल्यांत बंदी. त्याने व्हरांड्यात बसायचं.

राहिले समोर बसणारे दोघं. पहिले दहा डाव बाईंसमोर गुणवंता आणि सरांसमोर हेमराज. नंतरच्या दहात अदलाबदल. गुणवंता पत्ते टाकत नाही. टाकले तर खेळ संपतो आणि त्याला खेळायचं असतं. समोरच्याने कितीही लावले तरी तो "पाहून त घेऊ" म्हणतो आणि पाहतो. हेमराज उलट. आयुष्यभर बागा विकत घेतल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत कीड दिसते. चांगले पत्ते हातात असूनही समोरून जोर आला की ते हळूच खाली ठेवतात. ही गोष्ट खोलीतल्या सगळ्यांना वीस वर्षं माहीत होती. तिचा उपयोग करावा असं फक्त एकीला वाटलं होतं.

तीन वाजता पहिलं पाकीट फुटलं.

चौथ्या डावात खिडकीच्या खुर्चीला एक्का आणि दश्शी आली, चटईवर आणखी एक एक्का पडला. सरांनी तक्ता आठवला, शक्यता उत्तम होती, त्यांनी एकदम चाळीस चिंचोके पुढे सारले. हेमराजांनी चाळीसकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पत्ते टाकले. सरांना चार चिंचोके मिळाले. इकडे बाईंनीही तेवढेच चाळीस सारले.

"एक्का आहे न तुह्याकडे, वहिनी?" गुणवंता म्हणाला.

"आहे."

"खोटं बोलून राहिली."

"मंग पाह्य."

"पाहूनच घेऊ." त्याने पाहिलं. एक्का होता. "सांगितलं होतं न तुले," बाई म्हणाल्या, आणि चव्वेचाळीस चिंचोके स्वतःकडे ओढले.

गुणवंतासमोर बाईंनी दहा डावांत एकदाही थाप मारली नाही. जो टाकत नाही, त्याला घाबरवून काय मिळणार? पत्ते वाईट आले की त्या टाकत, चांगले आले की भरपूर लावत आणि खरं काय ते तोंडाने सांगत. गुणवंताला खरं ऐकायची सवय नसल्यामुळे तो दरवेळी पैज घेत होता.

सातव्या डावात मात्र घोळ झाला. खुर्चीला नव्वी आणि चव्वी आली, वेगवेगळ्या रंगांची. बाईंनी क्षणभरही न थांबता ती खाली ठेवली. छायाताईंना राहवलं नाही, त्यांनी चटईचे पत्ते उघडून पाहिले. नव्वी, चव्वी, पुन्हा नव्वी.

"अगंबाई," छायाताई म्हणाल्या. "टाकायचे नव्हते गं."

बाईंनी पुढचं पाकीट मागितलं.

दुसऱ्या खोलीत सरांनी आधीचे दोन डाव तक्त्याप्रमाणे टाकले होते. तिसऱ्यांदा टाकायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी तीच नव्वी-चव्वी खेळायला घेतली. तक्त्यात हे बसत नव्हतं. हेमराजांकडे राजाची जोडी होती, त्यांनी जन्मात पहिल्यांदा धीर धरला आणि साठ चिंचोके घालवले.

दहा डाव झाल्यावर चहा आला. अमितने बेरीज वाचली. बाई एकतीसने वर, सर चव्वेचाळीसने वर.

सरांनी चहा बशीत ओतला. त्यांना बशीतून चहा पिताना गेल्या दहा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"सातवा डाव," ते म्हणाले. "तुम्ही टाकला, मी खेळलो. टाकायला नको होता, चंद्रकलाबाई."

"टाकायलेच पाहिजे होता."

"पण पत्ते आले ना."

"एखाद्या वर्षी धूळपेरणी साधते सर. पाऊस दुसऱ्याच दिवशी येते. म्हणून कोनी दरवर्षी धुळीत पेरत नाही."

"वहिनी, तू हरून राहिली, हे ध्यानात आहे न?" गुणवंता म्हणाला. "शाल कोन्या रंगाची पाह्यजे ते सरले आत्ताच सांगून ठेव. नाही त मरून रंगाची आणतीन."

"तू त्या खोलीत जा," बाई म्हणाल्या. "आन् आतापर्यंत खेळला तसाच खेळ. काई शिकू नको."

हेमराज बाईंसमोर येऊन बसले, आणि बाई बदलल्या. आतापर्यंत त्या दहातले सहा डाव टाकत होत्या, आता त्या दहातले आठ खेळू लागल्या. हातात काही असो नसो, लहान-लहान ढीग पुढे सरकवत राहिल्या. हेमराज टाकत राहिले. सहा चिंचोके, आठ चिंचोके, बारा. व्यापारी माणूस, लहान तोटा त्यांना खुपत नव्हता. मोठा टळला यातच ते खूष होते.

तेराव्या डावात खुर्चीला सत्ती आणि अठ्ठी आली. चटईवर राजा, नव्वी, दुर्री, मग तिर्री आणि शेवटी एक्का. सत्ती-अठ्ठीला यात काहीच लागलं नाही. याहून रिकामे पत्ते त्या दुपारी कोणाला आले नव्हते. समोरच्याकडे एक नव्वी होती, म्हणजे चटईवरची धरून नव्वीची जोडी.

बाईंनी एक्का पडल्यावर दोन श्वास जाऊ दिले आणि साठ चिंचोके पुढे ठेवले. बोलल्या काहीच नाहीत. हेमराज त्या ढिगाकडे फार वेळ पाहत राहिले. बागेत शिरल्यावर शेवटच्या ओळीतल्या झाडांकडे पाहतात तसं.

"एक्का आहे," ते शेवटी स्वतःशीच म्हणाले आणि पत्ते खाली ठेवले.

दुसऱ्या खोलीत सरांच्या मनात अगदी हाच विचार आला. पुस्तकात लिहिलंच होतं, शेवटी एक्का पडला की समोरचा बिचकतो. त्यांनीही साठ चिंचोके ठेवले. थाप उत्तम होती, वेळ योग्य होती. समोर गुणवंता होता.

"एक्का असन त असन," गुणवंता म्हणाला. "पाहून त घेऊ."

अठराव्या डावात खुर्चीला दोन राण्या आल्या. संध्याकाळभरातले सर्वात देखणे पत्ते. चटईवर सत्ती, अठ्ठी, दुर्री पडली तोवर दोन्ही खोल्यांत राण्या पुढे होत्या. चौथा पत्ता गुलाम पडला आणि दोन्ही खोल्यांत समोरच्याने वाढवलं. समोरच्याकडे नव्वी-दश्शी होती, म्हणजे सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच, कुठल्याही जोडीहून भारी. पण ते झाकलेलं होतं.

सरांनी हिशेब केला. दोन राण्यांना हरवणारे पत्ते समोर असण्याची शक्यता तक्त्याप्रमाणे फार कमी होती. त्यांनी उरलेले सगळे चिंचोके सारले. तीन तासांत गुणवंताने पाहिलं होतं प्रत्येक वेळी, वाढवलं होतं एकदाच, आत्ता. तक्त्यात गुणवंता नव्हता.

इकडे हेमराजांनी वीस चिंचोके वाढवले. बाईंनी हातातल्या दोन राण्यांकडे पाहिलं नाही, हेमराजांकडे पाहिलं. दिवसभर खांदे पाडून बसलेला माणूस ताठ बसला होता.

"आज पह्यल्यांदाच सरळ बसले भाऊ," बाई म्हणाल्या आणि राण्या उलट्या करून खाली ठेवल्या. छायाताईंनी त्या उचलून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. बाईंचे बारा चिंचोके गेले. सरांचे शंभर.

सहा वाजता अमितने दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याने बेरीज केली. त्याने ती पुन्हा केली.

"काकू, एकशे अठराने वर," तो म्हणाला. "बाबा, अडुसष्टने खाली. तेच पत्ते."

गुणवंताने व्हरांड्याच्या खांबावर थाप मारली. रामाजी कधीचे येऊन पायरीवर बसले होते. ते उभे राहिले आणि कारण नसताना पुन्हा बसले. सरांनी कागद मागून घेतले. वीसच्या वीस डाव ओळीने तपासले, जसे त्यांनी तीस वर्षं पेपर तपासले असतील. तेराव्याशी थांबले. अठराव्याशी जास्त वेळ थांबले. मग चष्मा काढला.

"तेरावा डाव आपण दोघांनी सारखाच खेळला," ते म्हणाले. "एक चिंचोकाही फरक नाही. तुम्ही जिंकल्या, मी हरलो."

"तुमच्यासमोर गुणवंता होता."

"ते मला दिसत होतं."

"तुमी पत्त्याकडे पाहून राहिले होते सर. पत्ते त दोन्ही खोल्यांत सारखेच होते."

सर हसले, स्वतःच्याच फळ्यावर स्वतःची चूक सापडलेला मास्तर हसतो तसं.

"मंग नशीब काहीच नाही का गं?" छायाताईंनी विचारलं. त्यांना देवाची काळजी वाटली असावी.

"आहे न ताई. सातवा डाव होता न तो. असते नशीब. पण ते एका डावापुरतं येते आन् जाते. वीस डाव बसून राहणं त्याच्यानं होत नाही."

सरांनी आतून संघाचा कागद आणला. शिकवणाऱ्याच्या नावापुढे 'श्रीमती चंद्रकला रामाजी खवसे' असं लिहिलं. शैक्षणिक पात्रता या रकान्यापाशी पेन अडखळलं. "आठवी पास," बाईंनी सांगितलं. सरांनी ते लिहिलं, आणि पुढे स्वतःच्या अक्षरात 'कामाचा अनुभव पस्तीस वर्षे, पद्धत तपासलेली' असं जोडून खाली सही केली. पद्धत कशी तपासली, हे वर कोणी विचारलं नाही हे बरं झालं.

दिवाळीनंतर मोहगावला तीस बाया आल्या. पहिले चार दिवस चंद्रकलाबाईंनी कोणाला चाकू दिला नाही. नुसत्या काड्या दिल्या आणि फेकायला लावल्या. "का फेकली ते सांगून फेका," एवढंच. पाचव्या दिवशी चाकूला धार लावणं, सहाव्या दिवशी तो पुसणं. दहाव्या दिवशी पहिला डोळा. त्यांत एक उर्मिला होती, तिगावची. तिच्या हातचं काहीच जगत नाही, तुळससुद्धा नाही, असं तिच्या सासरी सर्वमान्य होतं आणि ते तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना आधी सांगून टाकलं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. बाईंनी तिची काडी पाहिली, तिचा चाकू पाहिला, मग तिला काम करताना पाहिलं. "तू पट्टी खालून वर बांधून राहिली नाही. वरून खाली बांधून राहिली. पाणी आत शिरते. दुसरं काई नाही."

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. मोजायला श्रीधर सर स्वतः आले, वही घेऊन. प्रत्येक बाईची शंभर रोपं. सकाळी आठला सुरू केलं, दुपारी दोनला संपलं; सर ऊन लागतं म्हणूनही थांबले नाहीत. तीन हजारांमधले दोन हजार चारशे तीस डोळे हिरवे होते. शंभराला एक्याऐंशी. पहिल्यांदाच चाकू धरलेल्या बायांचे. उर्मिलाच्या ओळीत सर दोनदा फिरले, कारण पहिल्यांदा चौऱ्याऐंशी आले आणि त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्यांदाही चौऱ्याऐंशीच आले.

"पुढच्या वर्षी साठ बाया मागू," सर म्हणाले.

"साठ होणार नाही. तीसच्या वर एकेकीच्या हाताकडे पाहणं होत नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "दोन बॅचा करा. एक मी घेईन."

"आणि दुसरी? पुन्हा नागपूरहून कोणी..."

"दुसरी उर्मिला घेईन."

उर्मिला तेव्हा वाफ्याच्या टोकाशी बसून सुटलेल्या पट्ट्या गोळा करत होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण तिचे हात थांबले. सरांनी वही गुडघ्यावर ठेवली आणि नाव लिहिण्यासाठी तिला तिचं आडनाव विचारलं.